बंद नाक आणि चिन्नोरचा तांदूळ

त्या वर्षी माझ्या देहाचे दोनच भाग नीट चालत होते, ते म्हणजे दोन्ही पाय. आणि त्यांनाही बहुतेक वेळ परसाकडेच जायचं असे.

बाकी सगळा आनंदच होता. डोक्यात सर्दी येऊन बसली होती. बसली म्हणण्यापेक्षा तिने बिऱ्हाडच केलं होतं. नाक चेहऱ्यावर फक्त शोभेला उरलं होतं. गालांच्या हाडांत, डोळ्यांच्या खाली, कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं जड वाटायचं, आणि मी खाली वाकलो की तो पाटा कपाळाकडे सरकायचा. गळ्यात सतत काहीतरी अडकलेलं. खाकरलं तर सुटत नसे, गिळलं तर जात नसे. त्याच्याखाली पोट. सकाळी खाल्लेला भात संध्याकाळपर्यंत जागचा हलत नसे, आणि एकदा हलायचं त्याने मनावर घेतलं की मला चप्पल घालायलाही सवड देत नसे.

मी तेव्हा भरवेलीला खाणीत हजेरीवर कारकून होतो. रोज बालाघाटहून सायकल मारत जायचं आणि मजुरांची नावं पुकारायची. माझ्या त्या गळ्यातून बाहेर पडेपर्यंत सगळी नावं एकसारखीच होत. त्यामुळे मी काहीही पुकारलं तरी समोरचे सगळेच "हाजिर" म्हणायचे. (इतकी भरघोस हजेरी त्याआधी कधी लागली नव्हती. साहेबांनी माझं कौतुक केलं.)

घरात माझ्या आजारावर दोन पक्ष पडले होते. बाबांच्या मते माणसाचा सगळा कारभार पोटातून चालतो. मायच्या मते डोक्यातून.

"पोट साफ झालं का डोकं आपोआप मोकळं होते," बाबा एरंडीच्या तेलाची बाटली हलवत म्हणत.

"डोक्यातलं पानी घशात उतरते, अन् घशातलं पोटात," माय माझ्या नाकात कोमट मोहरीचं तेल सोडत म्हणे. "वरूनच बिघडलं तर खालून पुसून काय फायदा?"

त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी तेल पीत होतो. खाणीतल्या कोणत्याही यंत्राला एवढं वंगण मिळालं नसेल. मायने वर भर चैतात माझ्या गळ्याला लोकरी मफलर गुंडाळला होता आणि त्यात ओव्याची पुरचुंडी खोचली होती. रस्त्यात लोक मला विचारत, "काश्मीरहून कधी आलात?"

हे सगळं मी निमूट सोसत होतो, कारण मला लवकर बरं व्हायचं होतं. आणि लवकर बरं व्हायचं होतं, कारण मला वारासिवनीच्या कुसुमशी लग्न करायचं होतं.

कुसुमला मी एकदाच पाहिलं होतं, नात्यातल्या एका लग्नात. पंगतीत जागेवरून दोन पाहुण्यांचं भांडण जुंपलं होतं. दोघंही चांगले दांडगे, एक तर पोलिसात होता. तेवढ्यात ही भाताचं भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन आली. घमेलं असं की आमच्याकडे ते उचलायला दोन माणसं लागावीत. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "बसाचं असन तर बसा. नाई तर घरी जाऊन जेवा. भात थंडा होऊन राह्यला." दोघंही बसले. बसायची काही गरज नसताना मीसुद्धा बसलो. (मी आधीच जेवून उठलो होतो.) त्या दिवसापासून मी त्या मुलीच्या प्रेमात होतो, असं आता म्हणता येईल. तेव्हा मी त्याला दरारा समजत होतो.

अडचण तिच्या वडिलांची होती. नामदेवराव वारासिवनीच्या एका तांदळाच्या मिलमध्ये पारखी होते. आलेल्या पोत्यातले चार दाणे तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या तळव्याने चोळायचे, त्यावर तोंडाची गरम वाफ सोडायची आणि हुंगायचं. मग डोळे मिटून सांगायचं. हा जुना, हा नवा, ह्याला ओल लागली होती आणि मग वाळवला, हा ज्या बैलगाडीतून आला तिच्यात आधी कांदे होते. मी एकदा मिलच्या दारात उभा राहून हे पाहिलं होतं. कांद्याची गोष्ट ऐकून गाडीवाल्याने त्यांच्या पायालाच हात लावला. खरं सांगतो, मलाही लावावासा वाटला. देवाने एकाच माणसाला इतकं नाक द्यावं आणि मला इतकंही देऊ नये, याचं मला त्या वेळी फार नवल वाटलं.

आणि नामदेवरावांची एक रीत सगळ्यांना माहीत होती. मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या हातावर ते तांदूळ ठेवत. बालाघाटकडचा चिन्नोर म्हणजे दाणा बारीक आणि वास असा की एका घरात भात शिजला तर शेजारच्या घराला भूक लागावी. तो ज्याला हुंगून ओळखता येत नाही, त्याला ते चहा पाजून परत पाठवत. "ज्याले अन्नाचा वास समजत नाई, त्याले मानूस काय समजन?" असं त्यांचं म्हणणं. असे दोघे आधीच चहा पिऊन परत गेले होते.

आमच्या स्थळाचा निरोप गेला आणि तिकडून उलट निरोप आला, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी या."

माझी अन्नावरची वासनाच नव्हे, तर सगळ्याच वासाची शुद्ध गेलेली. बाबांनी घरातला चिन्नोर माझ्या नाकाखाली धरला. मग साधा जाडा तांदूळ धरला. मग हिंगाची डबी धरली.

"काय येऊन राह्यलं?"

"थंड लागून राह्यलं."

"ही हिंगाची डबी हाये रे पोरा."

माय रडायला लागली. पण बाबा हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी विचार करून एक युक्ती काढली. परीक्षेच्या वेळी ते माझ्या बाजूला बसतील. तांदूळ हातात आला की तेही वाकून वास घेतील आणि खोकतील. एकदा खोकले तर चिन्नोर. दोनदा खोकले तर जाडा. तीनदा खोकले तर माल खराब. मी फक्त मोजायचं आणि डोळे मिटून बोलायचं. मला ही युक्ती फार आवडली. बाबांच्या बुद्धीबद्दल इतका आदर मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतर तर अजिबातच वाटला नाही.

जायच्या दिवशी पहाटे बाबांनी मला एरंडीचं तेल पाजलं. "तिकडं आग्रह करतीन. पोटात जागा पायजे." थोड्या वेळाने, बाबा आंघोळीला गेले असताना, मायने मला हळूच सोनामुखीचा काढा दिला. "बाबाले सांगू नको. त्याच्या तेलानं काय होते?" दोन्ही पक्षांनी एकमेकांना न कळवता एकाच दिवशी मोहीम उघडली होती, आणि रणांगण मी होतो.

छोट्या लाईनच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. ती गाडी इतकी सावकाश जायची की वाटेत उतरून चिंचा वेचून पुन्हा चढता येई. नेहमी मला त्याची मजा वाटायची. त्या दिवशी मात्र माझ्या पोटात दुसरं एक इंजीन सुरू झालं होतं आणि ते बाहेरच्या इंजिनापेक्षा जोरात शिट्ट्या देत होतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने एकदा खिडकीबाहेर डोकावून पाहिलं आणि विचारलं, "स्टेशन आलं का जी?"

वारासिवनीला नामदेवरावांच्या दारात पोचलो तर नामदेवराव बनियनवर ओसरीत पोती मोजत उभे. आम्हाला पाहून ते दचकले.

"अरे! तुमी तं उद्या येनार होते ना?"

"बाजाराचा दुसरा दिवस म्हनलं होतं जी," बाबा म्हणाले. "कालच बाजार झाला."

"काल तुमचा बालाघाटचा झाला. आमचा वारासिवनीचा आज हाये."

बाबांनी आयुष्यभर बाजार म्हणजे बालाघाटचाच मानलेला. दुसऱ्या गावांनाही स्वतःचा बाजार असतो, हे त्यांनी कधी मनावर घेतलंच नव्हतं. पण आता दारातून परत जाता येत नव्हतं. नामदेवरावांनी सतरंजी अंथरली. "बसा बसा. फक्त आज घरात तिखट कुटनं चालू हाये. जरासा खकाना होईन."

जरासा हा शब्द नामदेवरावांनी पाहुण्यांच्या आदरापोटी वापरला असावा. आतल्या अंगणात वर्षाचं तिखट चाललं होतं. कुटायला येणाऱ्या बाया बाजाराला गेल्या होत्या, म्हणून कुसुम स्वतः नाका-तोंडाला पदर बांधून, दोन्ही हातांनी मुसळ घेऊन उखळात लाल मिरची कांडत होती. मुसळ वर जाई तेव्हा मला फक्त मुसळ दिसे, आणि खाली येई तेव्हा घर हले. पाहुणे आल्याचं तिला कळलं. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मुसळ उचललं. मी त्या मुलीकडे पाहतच राहिलो. हिच्याबरोबर संसार करायची माझी छाती नाही, पण ती नसली तर जगायचीही नाही, असं काहीतरी मनात आलं.

मग खकाणा ओसरीवर आला. आधी माय शिंकली. मग बाबा. मग नामदेवराव, ज्यांचं नाक गाडीतल्या कांद्याचा वास महिन्यानंतर ओळखायचं, ते तर खांबाला धरूनच शिंकू लागले. नामदेवरावांची बायको अनसूयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, त्या तांब्यासकट शिंकल्या. रस्त्याने जाणारा बैल शिंकला.

मी एकटा शांत बसलो होतो. नाकातून काही आत जात नव्हतं. घशात इतका कफ होता की तिखटाला शिरायला वाटच नव्हती. डोळे तर महिनोन्महिने पाणावलेलेच, त्यात नवीन काही दिसलं नाही. मफलर नीट करून मी मांडी घालून बसलो आणि सगळ्यांकडे सहानुभूतीने बघत राहिलो.

नामदेवरावांनी शिंकांच्या मधल्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं.

"पोरगा... आक् छी... पोरगा मोठा दमदार दिसते," ते म्हणाले. "योग-बिग करते का?"

"हौ जी," बाबा म्हणाले, आणि पुन्हा शिंकले.

मला वाटलं, जमलं. परीक्षेची गरजच नाही. पण नामदेवराव रीत मोडणारे नव्हते. ते कोपऱ्यातल्या एका पोत्याकडे गेले, मूठभर तांदूळ आणले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "हा पाहा बरं. कालच आला. काय समजते सांगा."

मी त्यांच्यासारखेच दाणे चोळले. वाफ सोडली. हात नाकाला लावला. आत वास तर सोडाच, हवासुद्धा गेली नाही. मी डोळे मिटले आणि बाबांच्या खोकल्याची वाट पाहू लागलो.

बाबा खोकले. एकदा. मी बोलणार तोच दुसऱ्यांदा खोकले. मग तिसऱ्यांदा. मग त्यांना थांबताच येईना. त्यांच्या त्या खोकल्यात चिन्नोर होता, जाडा होता, खराब होता, कोंडाही होता. मी एक डोळा उघडून पाहिलं तर ते लालबुंद होऊन दोन्ही हातांनी मला नाही-नाही अशी खूण करत होते. ती मला जीव गुदमरल्याची खूण वाटली.

मग मी स्वतःच्या बुद्धीने चाललो. दाणा बारीक होता. डोळ्यांना तो चिन्नोरच दिसत होता. मी दीर्घ श्वास घेतल्याचं सोंग केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणालो, "वा! अस्सल चिन्नोर. काय घमघमाट हाये जी. आमच्याकडे याचाच भात रोज होते."

 आत मुसळ थांबलं. बाबांचा खोकलासुद्धा थांबला.

"रोज होते?" नामदेवरावांनी विचारलं.

"हौ. याच वासाचा."

"चिन्नोर हाये, बराबर," ते सावकाश म्हणाले. "पन ह्या पोत्यावर काल मिट्टीच्या तेलाचा पिपा सांडला. मिलवाल्यायले वापस करासाठी ठेवलं."

रॉकेलचं नाव निघताच मायने कपाळाला हात लावला. बाबा मात्र शेवटपर्यंत लढणारे. "त्याले तो वास," ते म्हणाले, "लहानपनापासूनच आवडते."

पुढे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी एरंडीचं तेल आणि सोनामुखी यांची माझ्या पोटात गाठ पडली. मी उठलो. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं, पण थांबता येत नव्हतं. आत शिरलो, अंगणात आलो, उखळ चुकवलं, आणि समोर कुसुम. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही. हातातलं मुसळ भिंतीला टेकवलं, रांजणाजवळचा लोटा भरला, माझ्या हातात दिला आणि बोटाने परसातल्या बाडीचं दार दाखवलं. "केळीच्या मागं जा," ती म्हणाली. "कुंपनाजवळ कुत्रा हाये." आमचं आयुष्यातलं पहिलं बोलणं ते. माझ्या मित्रांच्या बायकांनी पहिल्या भेटीत त्यांना काय काय म्हटलं ते मी ऐकलेलं आहे. इतकी उपयोगाची गोष्ट कोणीही सांगितलेली नाही.

बऱ्याच वेळाने मी परत आलो तेव्हा मायने अनसूयाबाईंना सगळं सांगून टाकलं होतं. नाक, गळा, पोट, खोकल्याची खूण, सगळं. बाबा सतरंजीच्या कडेचे दोरे ओढत बसले होते. नामदेवराव गंभीर होते, पण रागावलेले नव्हते. ते वाईट वाटून बोलत होते.

"पोरगा गरीब स्वभावाचा हाये, ते दिसते. पन ज्याच्या नाकाले मिट्टीचं तेल समजत नाई, त्याच्या घरी पोरगी कशी देऊ? उद्या घरात काही जळलं तर याले कोन सांगन? चाय घ्या तुमी."

चहाचं नाव ऐकताच मी समजलो. परत गेलेला तिसरा मी.  त्या क्षणी मला खरंच रडू येत होतं, पण डोळे आधीच पाणावलेले असल्यामुळे कोणाला ते कळलं नाही.

"मले पसंत हाये."

आवाज दारातून आला. कुसुम उभी होती. तोंडावरचा पदर आता सोडलेला, कपाळावर तिखटाची लाल रेघ, आणि डोळे अगदी कोरडे. एवढ्या खकाण्यात तिला एकही शिंक आली नव्हती.

नामदेवराव तिच्याकडे बघतच राहिले. "काहून?"

"बाबा, मी चुलीपाशी बसाले लागली तवापासून तुमी घास घ्यायच्या आधी ताट हुंगता. आज धुराचा वास, काल गंजाचा वास, परवा माह्या हाताले लसनाचा वास. एक दिवस तरी निस्ते जेवले का? ह्या मानसानं मिट्टीच्या तेलाच्या तांदळाले वा म्हनलं. मले असाच पायजे."

 मग चुलीकडून अनसूयाबाईंचा आवाज आला, अगदी शांत, "मलेबी असाच पायजे होता."

नामदेवरावांनी उभ्या आयुष्यात शेकडो पोती पारखली असतील. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या घरातलं काहीतरी पहिल्यांदाच समजलं असावं.  मग त्यांनी मी उठताना सतरंजीवर सांडलेले रॉकेलचे दाणे वेचले, पोत्यात टाकले, आणि म्हणाले, "ठीक हाये."

मी कुसुमकडे पाहिलं. माझ्या अंगातल्या कोणत्याही गुणाने जे झालं नसतं ते माझ्या बंद नाकाने केलं होतं. असा मान माझ्या सर्दीला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

लग्न झालं. आमचं बिऱ्हाड बालाघाटला लागलं. मायने तेलं सोडून दिली, कारण कुसुमने तिला स्पष्ट सांगितलं, "आता ह्यायचं मी पाहीन." नवल म्हणजे माझं पोट आपोआप सुधारलं. गडगड बंद झाली. भात पोटात गेला की तिथेच राहायचा आणि वेळेवर निघायचा. बाबा म्हणायचे, सुनेचा पायगुण. मला ते खरं वाटायचं. नाक मात्र बंदच होतं.

मग एक दिवस मामाजी, म्हणजे नामदेवराव, मुलीकडे जेवायला आले. आम्ही दोघं पाटावर बसलो होतो. कुसुमने जवसाची चटणी केली होती, तीत तिच्या स्वतःच्या हाताने कांडलेलं तिखट. मी पहिला घास घेतला आणि माझ्या कपाळात कुठेतरी टक् असं झालं. पाटा सरकला. गालांतून, डोळ्यांच्या मागून काहीतरी मोठं उतरून गेलं, आणि माझ्या नाकात हवा शिरली.

ती हवा कशी होती काय सांगू! अंगणातल्या तुळशीचा वास आला. कुसुमच्या नव्या लुगड्याचा आला. मामाजींच्या गमछ्याचा, कोनाड्यातल्या उदबत्तीचा, बाहेरच्या ओल्या शेणाचासुद्धा आला, आणि मला तोही सुंदर वाटला. इतके दिवस जग एवढं भरलेलं होतं आणि मी त्यात मफलर बांधून फिरत होतो. माझे डोळे भरून आले.

मग मला समोरच्या भाताचा वास आला.

भात करपला होता. थोडाथोडका नाही, चांगला काळजीपूर्वक करपला होता. आणि ती कुसुमची आजची चूकही नव्हती, कारण त्याची चव मला पूर्ण ओळखीची होती. लग्नाच्या दिवसापासून मी हाच भात वा-वा म्हणून खात आलो होतो. माझं पोट कशाने बांधलं गेलं, तेही मला त्याच क्षणी समजलं.

मी मान वळवली तर मामाजी माझ्याकडेच बघत होते. पोत्यातला दाणा पाहावा तसे. माझ्या नाकपुड्या हललेल्या त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"जावईबुवा," ते हळू आवाजात म्हणाले, "वास येऊन राह्यला वाटते?"

मी आवाज होईल तितका घोगरा केला. "कायचा वास, मामाजी?"

मामाजींनी एक सुस्कारा सोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ताट न हुंगता घास उचलला. कुसुमने हे पाहिलं. तिचा चेहरा इतका फुलला की माझ्या तोंडून आपसूक "भात वाढ थोडा" असं निघून गेलं.

"पाहा बाबा," ती अभिमानाने म्हणाली, "याले म्हनतेत जेवनारा मानूस," आणि खास माझ्यासाठी तिने भाताच्या पातेल्याचा तळ खरवडायला घेतला.